दिव्याभोवतीचं खळं

लेखमाला ‘आपला डोळा’ : भाग नववा

पहाटे पाचला गंगापूरहून लासूर स्टेशनकडे निघालं की रस्त्याच्या कडेने भरतीची तयारी करणारी पोरं-पोरी धावताना दिसतात. एखाद्याच्या चष्म्याच्या काड्यांना मागून दोरी बांधलेली असते. घाम डोळ्यांत उतरतो, काच धुरकटते, चष्मा नाकावरून घसरतो. घरी वडिलांचं ठरलेलं असतं, “लेझर मारून घेऊ, एकदाची कटकट मिटंल.” मुलीच्या घरी हेच वाक्य वेगळ्या कारणाने निघतं. स्थळं बघायला सुरुवात झालेली असते आणि चष्मा कुणाच्या तरी डोळ्यांत खुपत असतो.

गेल्या आठवड्यात आपण नंबर का लागतो ते पाहिलं. त्यानंतर सगळ्यांत जास्त विचारला गेलेला प्रश्न हाच, की लेझरने नंबर घालवावा का? मी या शस्त्रक्रियेच्या विरोधात नाही. डोळा तिच्या लायकीचा असेल तर ती करून घेणारे बहुतेक जण समाधानी असतात. पण ज्यांना पस्तावा होतो त्यांचं बोलणं ऐकलं की एक तक्रार पुन्हा पुन्हा येते, “हे आम्हाला आधी कुणी सांगितलंच नाही.” ते आधी सांगावं, एवढ्यासाठी आजचा भाग.

पहिल्यांदा एक घोळ मिटवू. आपल्याकडे ‘डोळ्याला लेझर मारलं’ हे तीन-चार निरनिराळ्या उपचारांना म्हणतात. मधुमेहाने डोळ्याचा पडदा खराब होऊ लागला की मारतात ते लेझर वेगळं. मोतीबिंदू काढल्यावर काही काळाने भिंगामागची पिशवी धुरकट होते, ती उघडायला मारतात ते वेगळं. खुद्द मोतीबिंदू तर बहुतेक ठिकाणी ध्वनिलहरींनी फोडून काढतात. आज बोलतोय ते नंबर घालवणाऱ्या लेझरबद्दल, म्हणजे लॅसिक आणि तिच्या भावंडांबद्दल. आजीला लेझर मारलं आणि काही झालं नाही, म्हणून नातवालाही होणार नाही, असा हिशेब इथे चालत नाही.

डोळ्याच्या पुढच्या बाजूला, घड्याळाच्या काचेसारखा पारदर्शक थर असतो, तो कॉर्निया. मध्यभागी त्याची जाडी साधारण ५४० मायक्रॉन, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरहून जराशी जास्त. लॅसिकमध्ये त्याचा वरचा शंभर-सव्वाशे मायक्रॉनचा पापुद्रा कापतात, पेटीच्या झाकणासारखा एका बाजूला उलटतात, खालचा थर लेझरने मोजून घासतात आणि झाकण पुन्हा जागेवर बसवतात. टाका घालावा लागत नाही. प्रत्यक्ष लेझर चालतं ते काही सेकंद. या लेझरचं नाव एक्सायमर. १९८१ साली अमेरिकेत आयबीएमच्या प्रयोगशाळेत मद्रासला जन्मलेल्या रंगस्वामी श्रीनिवासन यांनी सणाच्या जेवणातून उरलेल्या टर्की पक्ष्याच्या तुकड्यावर ते चालवून पाहिलं. आजूबाजूचा भाग न भाजता नेमका छेद मिळाला. त्यांनी आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी लावलेल्या या शोधावर आजचा सगळा व्यवसाय उभा आहे, आणि शोध अचाटच आहे, यात शंका नाही.

पण घासलेला थर परत भरून येत नाही. सगळा धोका समजून घ्यायचा तर हे वाक्य लक्षात ठेवावं लागतं.

जरा घरचं गणित करून पाहू. एका नंबरामागे साधारण १२ ते १५ मायक्रॉन थर जातो. समजा एका मुलाचा कॉर्निया ४८० मायक्रॉनचा आहे आणि नंबर उणे ८. झाकणाचे ११० वजा करा, कारण कापलेलं झाकण पुन्हा बसलं तरी ताकदीच्या हिशेबात धरत नाहीत. आठ नंबराचे, चौदाच्या दराने, ११२ वजा करा. खाली उरले २५८. निदान २५० उरले पाहिजेत असा जुना नियम आहे, सावध डॉक्टर ३०० च्या आत जायला तयार नसतात. म्हणजे हा मुलगा कागदावर काठावर पास झाला. विहिरीच्या कठड्याची एक वीट काढली तर चालेल, असं म्हणण्यासारखं हे आहे. आतून डोळ्याचा दाब रात्रंदिवस त्या पातळ भिंतीवर रेटत असतो. काही डोळ्यांत ती महिन्यांनी किंवा वर्षांनी पुढे फुगू लागते, नजर वाकडीतिकडी होते आणि कुठल्याच चष्म्याने नीट दिसत नाही. याला एक्टेशिया म्हणतात. १९९८ मध्ये थिओ झायलर या जर्मन नेत्रतज्ज्ञाने लॅसिकनंतरचा असा रुग्ण वैद्यकीय जगापुढे मांडला. त्या रुग्णाच्या डोळ्यात एक आजार आधीपासूनच दबा धरून होता.

तो आजार म्हणजे केराटोकोनस. कॉर्निया मुळातच कमकुवत असतो आणि शंकूसारखा पुढे येतो. हा परदेशातला आजार समजू नका. नागपूरजवळच्या खेड्यांत ३० वर्षांवरच्या साडेचार हजारांहून जास्त लोकांचे डोळे तपासले गेले, त्याचे निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. कॉर्नियाचा बाक किती तीव्र आहे यावरून मोजलं तर शंभरात दोनाहून थोड्या जास्त लोकांत हा दोष निघाला. ही आपल्याच महाराष्ट्रातली खेडी आहेत. ॲलर्जीने डोळे खाजतात, पोरं दोन्ही मुठींनी करकरून चोळतात, आणि चोळण्याचा या आजाराशी जवळचा संबंध आहे. म्हणून घरात एक गोष्ट आजच विचारा, की पोराचा तिरका नंबर, ज्याला चष्म्याच्या दुकानात ‘सिलिंडर’ म्हणतात, दरवर्षी बदलतोय का? बदलत असेल तर लेझरचं नाव काढण्याआधी कॉर्नियाचा नकाशा काढून घ्या. टोपोग्राफी नावाची ही तपासणी डोळ्याला हात न लावता होते. कॉन्टॅक्ट लेन्स वापरत असाल तर त्याआधी डॉक्टर सांगतील तितके दिवस ती बंद ठेवावी लागते, नाहीतर नकाशाच चुकतो. एक्टेशिया झालाच तर बी-२ जीवनसत्त्वाचे थेंब आणि अतिनील किरणं वापरून कॉर्निया कडक करता येतो. त्याने पुढचं फुगणं बहुधा थांबतं, गेलेली जाडी परत मिळत नाही.

एक्टेशिया क्वचित होतो. कोरडेपणा आणि रात्रीचं दिसणं या तक्रारी मात्र सर्रास आहेत. कॉर्नियात नसांचं दाट जाळं असतं. झाकण कापताना त्या नसा तुटतात. डोळ्याला पाण्याची गरज आहे हा निरोपच मेंदूला पोचत नाही, मग डोळ्यांत वाळू गेल्यासारखं टोचत राहतं. नसा वाढायला कित्येक महिने जातात. बहुतेकांचं वर्षभरात सुधारतं, थोड्यांचं सुधारत नाही. मोजक्या काही जणांना तर डोळा तपासणीत ठणठणीत दिसतो आणि वेदना मात्र थांबत नाही, कारण नसच दुखावलेली असते. अशा माणसाला “काही नाही, मनाचे खेळ आहेत” म्हणून घरी पाठवणं हा त्याच्यावरचा दुसरा अन्याय. आपल्या भागातला एप्रिल-मेचा फुफाटा आणि वाळूजच्या एमआयडीसीत ग्राइंडिंग-वेल्डिंगशेजारी काढलेली आठ तासांची पाळी डोळ्यांसमोर आणा. ज्याचा डोळा आधीच कोरडा आहे त्याने या हवेत दहादा विचार करावा.

आणि ते खळं. पावसाळ्याच्या तोंडावर चंद्राला खळं पडलेलं आपण सगळ्यांनी पाहिलंय. शस्त्रक्रियेनंतर काहींना रस्त्यावरच्या प्रत्येक दिव्याभोवती तसं खळं दिसतं, किंवा दिव्याला चहूबाजूंनी काटे फुटल्यासारखे दिसतात. दिवसा तक्त्यावरची शेवटची ओळ वाचणारा माणूस रात्री उसाच्या हंगामात गाडी चालवतो तेव्हा समोरच्या ट्रकचे दोन दिवे पसरून एक होतात आणि पुढे बिनदिव्याची ट्रॉली आहे हे उशिरा कळतं. तक्ता सहा बाय सहा सांगतो, माणूस म्हणतो मला नीट दिसत नाही. दोघंही खरं बोलत असतात.

हे किती जणांना होतं? अमेरिकेच्या एफडीए या सरकारी नियामक संस्थेने इतर सरकारी संस्थांबरोबर रुग्णांनाच विचारून अभ्यास केला, तो २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. आधी अशी एकही तक्रार नसलेल्यांपैकी चाळीस टक्क्यांहून जास्त लोकांनी तीन महिन्यांनी खळं, चमक, दुहेरी प्रतिमा असं काहीतरी नवं दिसत असल्याचं सांगितलं. आधी कोरडेपणा नसलेल्यांपैकी सुमारे २८ टक्क्यांना तो जाणवू लागला. रोजची कामं अडण्याइतका त्रास एक टक्क्याहून कमी लोकांना झाला, आणि बहुसंख्य समाधानी होते, हेही त्याच अभ्यासात आहे. दोन्ही आकडे एकत्र वाचायचे. जाहिरातीत फक्त दुसरा छापतात. २०२२ मध्ये याच संस्थेने रुग्णाने सही करण्याआधी एकेक मुद्दा वाचून खूण करावी अशा यादीचा मसुदा पुढे आणला. आपल्याकडे मात्र संमतीपत्र अजूनही टेबलाकडे नेताना सहीला पुढे येतं. ते आदल्या दिवशी घरी मागून घ्या. तो तुमचा हक्क आहे.

आता वयाचं. चाळिशीत जवळचं धुरकट होणारच, ते भिंगाचं म्हातारपण आहे, लेझर त्याला थांबवत नाही. उणे ३ नंबरचा माणूस चष्मा काढला की साधारण फूटभरावरचं लख्ख बघू शकतो. पैठणचा एखादा पैठणी विणणारा कारागीर डोळ्यांसमोर आणा. चाळिशीतही तो चष्मा कपाळावर सरकवून जरीची तार निवडतो. त्याचा नंबर लेझरने काढून टाकला तर दूरचं स्वच्छ होईल, आणि ज्या अंतरावर त्याची भाकरी आहे तिथे नवा चष्मा लागेल. पस्तिशीपुढच्या माणसाने हा प्रश्न आवर्जून विचारावा.

कोवळ्या वयाच्या मुलांचं उलटं. नंबर निदान वर्षभर स्थिर हवा. अठराव्या वर्षी घाई केली आणि विसाव्या वर्षी नंबर पुन्हा चढला, तर दुसऱ्यांदा घासायला भिंत उरत नाही. गरोदरपणात आणि अंगावर दूध पाजताना तर करूच नये. मुरुमांवर आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू असतील तर तसं डॉक्टरांना सांगा.

भरतीच्या पोरांनो, हा परिच्छेद तुमच्यासाठी आहे. रेल्वेच्या सहायक लोको पायलट पदाच्या जाहिरातीत साफ लिहिलेलं असतं, की लॅसिक किंवा नंबर घालवणारी दुसरी कुठलीही शस्त्रक्रिया झालेला उमेदवार अपात्र. चष्मा तर या पदाला चालतच नाही, म्हणून पोरं लेझर करून घेतात आणि नेमकी त्यानेच दाराबाहेर होतात. वर्षानुवर्षं अभ्यास करून लेखी पास व्हायचं आणि वैद्यकीय तपासणीत हे कळायचं, याहून वाईट पस्तावा मला सुचत नाही. सैन्यदलातल्या काही अधिकारी पदांना ती चालते, पण अटी आहेत. वयाची वीस वर्षं पूर्ण झाल्यावर केलेली हवी, बारा महिने उलटलेले हवेत, कॉर्नियाची उरलेली जाडी ठरल्याइतकी हवी. प्रत्येक पदाचा नियम वेगळा असतो. अकॅडमीतल्या सरांचं ऐकीव नको, जाहिरातीतलं वैद्यकीय पान स्वतः वाचा. कुस्ती-कबड्डी खेळणाऱ्यांनी आणखी एक विचारावं. कापलेलं झाकण जोराच्या माराने वर्षांनंतरही सरकू शकतं, त्यामुळे अशांना झाकण न करता वरूनच लेझर करण्याची पीआरके पद्धत डॉक्टर सुचवतात. तिच्यात आठवडाभर दुखतं, पण सरकायला काही उरत नाही.

तपासून “तुम्हाला नको” म्हणणारा डॉक्टर भेटला तर त्याच्यावर रागवू नका, त्याने हातचं काम सोडून तुमचा डोळा वाचवलाय. शंका असेल तर संभाजीनगरला जाऊन घाटी या सरकारी रुग्णालयाच्या नेत्ररोग विभागात किंवा दुसऱ्या नेत्रतज्ज्ञाकडे दाखवून या.

शस्त्रक्रिया करून घेतलीच असेल, तरी दोन गोष्टी विसरू नका. नंबर गेला तरी लांबट झालेला डोळा तसाच लांबट राहतो, त्याचा पडदा फाटण्याचा धोकाही राहतो. म्हणून काळे ठिपके अचानक वाढले किंवा वीज चमकल्यासारखं दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टरकडे जा. दुसरं, पातळ झालेल्या कॉर्नियावर डोळ्याचा दाब खऱ्यापेक्षा कमी मोजला जातो, आणि पुढे मोतीबिंदूचं भिंग निवडताना नेहमीचा हिशेब चुकतो. त्या दिवशी डॉक्टर पहिल्यांदा विचारतील, शस्त्रक्रियेआधीचे कागद आहेत का? जुना नंबर, जाडी आणि नकाशा, तिन्हींच्या प्रती दवाखान्यातून मागून घ्या आणि घरात सातबारा ज्या पिशवीत ठेवता, त्याच पिशवीत ठेवा.