ढिगाऱ्यातून सुटल्यानंतर

राजवाड्याच्या परिसरातील जुनी घरे पावसाळ्यात पाहिली की मला ३० सप्टेंबर १९९३ ची किल्लारी आठवते. त्या पहाटे दगडमातीच्या जाड भिंती झोपलेल्या माणसांवर कोसळल्या. अशा भाराखाली तासन्‌तास दबलेला स्नायू मरू लागतो. भार हटताच त्यातील पोटॅशियम हृदयाला आणि मायोग्लोबिन मूत्रपिंडांना घातक ठरते. लंडनवरील बॉम्बहल्ल्यांतील रुग्णांवरून बायवॉटर्स व बील यांनी १९४१ साली हेच मांडले होते.

क्रिएटिन कायनेज हे स्नायूंतील विकर याची पूर्वसूचना देते. एरवी साधारण दोनशेच्या आत असणारा आकडा हजारावर गेला की स्नायूनाश गृहीत धरावा. पाच हजारांपुढे मूत्रपिंडांचा धोका वाढतो. मात्र पहिल्या आकड्यावर विसंबू नये. तो शिखर गाठतो एक ते तीन दिवसांनी. मी तर सहा ते बारा तासांनी पुन्हा तपासणी मागतोच, प्रयोगशाळेने कितीही कुरकुर केली तरी.

तान्ह्या मुलाला दुखते कुठे, हे सांगता येत नाही. लघवी काळ्या चहासारखी, पट्टीवर रक्त, पण सूक्ष्मदर्शकाखाली तांबड्या पेशी नाहीत, एवढे संशयाला पुरे. सलाईन शक्यतो भार उचलण्यापूर्वीच सुरू करावे. पोटॅशियम असलेले रिंगर लॅक्टेट टाळावे.