इयरबड डबींत चार्ज कां होत नाहींत?

कानांत बसविण्याचे बिनतारी इयरबड हें आतां शहरांतील घराघरांतून परिचित झालेलें साधन आहे. कोणी विद्यार्थी त्यांवर व्याख्यानें ऐकतो, कोणी नोकरदार लोकलच्या गर्दींत गाणीं ऐकतो, तर एखादे आजोबा घरांतील कोणाची झोप न मोडतां रात्रीं उशिरापर्यंत कीर्तन ऐकतात. कमी ऐकूं येणाऱ्यांस तर या वस्तूचें महत्त्व याहूनही अधिक आहे. सप्टेंबर २०२४ मध्यें अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानें ॲपल कंपनीच्या एअरपॉड्स प्रो या इयरबडांकडून श्रवणयंत्राचें काम करून घेणाऱ्या सॉफ्टवेअरला मान्यता दिली. सौम्य ते मध्यम श्रवणदोष असलेल्या प्रौढांसाठीं तें आहे. अशा मनुष्याचा इयरबड सकाळीं डबींतून मुका निघाला, तर त्याची केवळ करमणूक बुडते असें नाहीं. घरांतलें बोलणेंच त्याला दुरावतें.

असा प्रसंग आला म्हणजे घरांत बहुधा दोन मतें निघतात. एक पक्ष म्हणतो, "वस्तु गेली, आतां नवी आणा." दुसरा पक्ष डबी दोनचार वेळां हातावर आपटून व फुंकर मारून पाहतो. वास्तविक या दोहोंच्या मध्यें एक सोपा आणि शास्त्रशुद्ध मार्ग आहे. बिघाड नक्की कोणत्या टप्प्यावर झाला आहे हें आधीं ठरवावें व मगच उपाय करावा. कारण पुष्कळदां अडचण यंत्राच्या पोटांत नसून त्याच्या अंगावर, डोळ्यांना दिसेल अशा जागीं असते. आणि काखेंत कळसा नि गांवाला वळसा अशी मालकाची गत होते.

यासाठीं प्रथम या वस्तूची रचना ध्यानांत घेतली पाहिजे. इयरबडांच्या एका जोडींत बॅटऱ्या दोन नसून तीन असतात. प्रत्येक इयरबडांत एक, आणि तिसरी, सर्वांत मोठी, डबींत. डिसेंबर २०१६ मध्यें जे पहिले एअरपॉड्स बाजारांत आले, त्यांच्या एकेका इयरबडांतील बॅटरी अवघी ९३ मिलिवॅट-तासांची होती, तर डबींतील बॅटरी सुमारें १.५ वॅट-तासांची, म्हणजे सोळापट मोठी होती. एकदां भरलेला इयरबड पांच तास चालतो, आणि डबीच्या साहाय्यानें हीच मजल चोवीस तासांपलीकडे जाते, असें कंपनीनें त्या वेळीं जाहीर केलें होतें. डबी म्हणजे घरांतला हौद, आणि इयरबड म्हणजे त्यांतून वरचेवर भरून घेण्याचे दोन तांबे, असें समजल्यास हरकत नाहीं.

यावरून वीज दोन टप्प्यांनीं प्रवास करते हें उघड होईल. पहिल्या टप्प्यांत ती चार्जरमधून डबींत येते. दुसऱ्या टप्प्यांत डबींतून इयरबडांत जाते. दुसऱ्या टप्प्यासाठीं डबीच्या खळग्यांत स्प्रिंगवर बसविलेल्या बारीक पिना असतात, आणि इयरबडाच्या अंगावर धातूचे लहान ठिपके असतात. एक लहानसा लोहचुंबक इयरबडाला खळग्यांत ओढून धरतो व पिना ठिपक्यांवर टेकतात. बिनतारी म्हणविणारें हें यंत्र आवाज हवेंतून घेतें खरें. परंतु त्याचें अन्न मात्र त्याला धातूला धातु टेकल्यावरच मिळतें. हा स्पर्श केसभर जरी चुकला, तरी इयरबड रात्रभर डबींत राहूनही उपाशी राहतो.

दोष कोणत्या टप्प्यावर आहे हें तीन प्रश्नांनीं ठरवितां येतें. चार्जरला जोडल्यावर डबीचा दिवा लागतो काय? दोन्ही इयरबड रिकामे राहतात, कीं एकच? आणि इयरबड डबींत ठेवून झांकण लावल्यावर फोनशीं असलेली त्याची जोडणी तुटते काय? यांपैकीं तिसरा प्रश्न विशेष महत्त्वाचा आहे. नीट बसलेल्या इयरबडाला आपण डबींत आलों हें कळतें व तो फोनची जोडणी सोडतो. डबींत असूनही तो फोनवर जोडलेलाच दिसत राहिला, तर पिना व ठिपके यांची भेट झालेली नाहीं, असें बहुतेक धरून चालावें.

डबीचा दिवाच लागत नसेल, तर दोष पहिल्या टप्प्यावर शोधावा. दुसरी केबल व दुसरा चार्जर लावून पाहणें ही पहिली पायरी होय. त्यांतही एक बारकावा आहे. टाइप-सी पद्धतीचा चार्जर समोरच्या यंत्रांत ५.१ किलो-ओमचा ठराविक रोध आढळल्यावांचून वीज सोडीतच नाहीं. कांहीं स्वस्त डब्यांत हा रोध बसविलेलाच नसतो. अशी डबी दोन्ही टोकांना टाइप-सी असलेल्या केबलवर निपचित पडून राहते. परंतु जुन्या, रुंद तोंडाच्या यूएसबी चार्जरवरून लगेच चार्ज होऊं लागते. पॉवर बँकेचाही असाच एक चकवा आहे. डबी इतकी थोडी वीज ओढते कीं, कित्येक पॉवर बँका कांहीं जोडलेलेंच नाहीं असें समजून आपोआप बंद होतात. यानंतर डबीचें चार्जिंगचें तोंड उजेडांत पाहावें. खिशांतील कपड्याचा भुगा तेथें दाबून बसतो आणि केबल पूर्ण आंत जात नाहीं. तो लांकडी दांतकोरणीनें हलकेच काढावा; टांचणी किंवा सुई मात्र घालूं नये. पाटीवर ठेवून चार्ज होणारी डबी असेल, तर ती पाटीच्या मधोमध ठेवावी आणि तिच्यावरील जाड किंवा धातूचें आवरण काढावें.

डबी चार्ज होते, पण दोन्ही इयरबड होत नाहींत, असें असेल तर वस्तु नवी आहे कीं जुनी हें प्रथम पाहावें. नव्या वस्तूंत ठिपक्यांवर पुष्कळदां पारदर्शक कागदाची चकती चिकटविलेली असते. ती काढण्याचें राहून जातें आणि चांगली वस्तु दुकानांत परत केली जाते. वस्तु जुनी असेल, तर डबी अर्धा तास चार्जरला लावून, ती जोडलेली असतांनाच इयरबड आंत ठेवून पाहावें. जोडलेली असतां ते भरले आणि एरवीं भरत नसले, तर डबींतील बॅटरीच क्षीण झाली आहे असा अर्थ निघतो. याउपरही उलगडा न झाल्यास रिसेट करावें. पुष्कळ जातींत डबीवरील कळ दहापंधरा सेकंद दाबून धरली असतां आंतील कारभार पुन्हां मुळापासून सुरू होतो. नेमकी रीत वस्तूबरोबरच्या माहितीपत्रकांत दिलेली असते. रिसेटनंतर इयरबड फोनशीं नव्यानें जोडावे लागतात, एवढेंच.

सर्वांत नित्याची तक्रार मात्र एकाच इयरबडाची असते. एक भरतो व दुसरा भरत नाहीं, यावरूनच चार्जर, केबल व डबीची बॅटरी हीं तिन्ही निर्दोष ठरतात. दोष उरतो तो त्या एका खळग्यांत किंवा त्या एका इयरबडांत. येथें मुख्य संशयित म्हणजे कानांतला मळ. मळ, घाम व धूळ यांचा पातळ थर ठिपक्यांवर बसतो. तो डोळ्यांना फारसा दिसतही नाहीं. परंतु विजेला तो भिंतीसारखा असतो. इयरबड कोरड्या मऊ कापडानें पुसावा. खळग्यांतील पिनांवरून कोरडा, मऊ ब्रश फिरवावा. थर चिवट असेल, तर कापसाच्या काडीला ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल नुसतें ओलसर होण्याइतकें लावून केवळ धातूचा भाग पुसावा. आवाजाच्या जाळीवर तें जाऊं देऊं नये, आणि सर्व सुकल्यावरच इयरबड आंत ठेवावा. धातूच्या हत्यारानें पिना खरवडणें धोक्याचें आहे. दोन पिना एकदम जोडल्या गेल्या तर शॉर्ट सर्किट होतें. पिना तपासतांना एखादी दुसरीपेक्षां खालीं बसलेली दिसते. स्प्रिंग अडकल्याची ती खूण होय. लांकडी काडीनें हळूच दाबून सोडल्यास कधींकधीं ती मोकळी होते.

आणखी एक साधें कारण म्हणजे कानांत घालण्याच्या रबरी टोप्या. मूळच्या काढून मोठ्या मापाच्या किंवा फोमच्या टोप्या बसविल्या, तर कानाला सुख वाटतें, पण डबीचें झांकण इयरबडाला किंचित् उचलून धरतें. झांकण उघडें ठेवून इयरबड बोटानें हलका दाबावा. दाबल्यावर दिवा लागला आणि सोडल्यावर विझला, तर निदान झालेंच.

घाम व पावसाळा यांविषयीं दोन शब्द सांगणें अवश्य आहे. घामांत मीठ असतें. ओलसर इयरबड तसाच डबींत टाकला, तर वीज असलेल्या ठिपक्यांमध्यें खारट पाण्याचा पूल तयार होतो आणि धातु हळूहळू झिजून त्यावर हिरवट किंवा काळसर डाग धरतात. वरवरचा डाग पुसून जातो. खोल गेलेला जात नाहीं. मुंबईसारख्या दमट हवेच्या शहरांत व्यायामानंतर किंवा पावसांतून आल्यावर इयरबड पुसून, थोडा वेळ उघड्यावर ठेवून मगच डबींत घालण्याची संवय लावून घ्यावी. भिजलेला इयरबड केस वाळविण्याच्या यंत्रानें तापवूं नये. उष्णता बॅटरीला ओलाव्याइतकीच घातक आहे.

कित्येक वेळां दोष नसतांनाच तो असल्याचा भास होतो. कांहीं इयरबड बॅटरीचें आयुष्य वाढावें म्हणून ८० टक्क्यांवर थांबतात व उरलेला भाग वापराच्या वेळेच्या सुमारास भरतात. अतिशय गरम किंवा गोठविणाऱ्या थंड जागीं चार्जिंग आपोआप थांबतें. उन्हांत उभ्या केलेल्या मोटारींतील डबीचें असें होणें साहजिक आहे. तसेंच फोनवरील संभाषणांत एकाच इयरबडाचा माइक चालत असला, तर तो दुसऱ्याआधीं रिकामा होतो. तो कमी भरला असें नव्हे. त्यानें काम अधिक केलें.

हें सर्व करूनही गुण न आल्यास बॅटरीचाच विचार करावा लागतो. या बॅटऱ्या लिथियम-आयन जातीच्या असतात. सोनी कंपनीनें १९९१ मध्यें त्या प्रथम बाजारांत आणल्या, आणि त्यांच्या शोधाबद्दल गुडइनफ, व्हिटिंगहॅम व योशिनो या तिघां शास्त्रज्ञांस २०१९ चें रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें. परंतु कोणतीही लिथियम बॅटरी अमर नसते. प्रत्येक भरणीबरोबर तिची सांठविण्याची शक्ति थोडी घटते, आणि इयरबडांतील बॅटरी मुळांतच इवलीशी असल्यामुळें ही घट लवकर जाणवते. इयरबड झटकन शंभर टक्के दाखवितो आणि थोड्याच वेळांत मरतो, अशी स्थिति असेल तर स्पर्श ठीक आहे, बॅटरी म्हातारी झाली आहे. तेथें पुसण्यानें कांहीं होणार नाहीं. महिनेन्‌महिने कपाटांत पडून पूर्ण रिकामी झालेली बॅटरी वेगळी. तिला प्रथम अगदीं थोडा प्रवाह दिला जातो. म्हणून ती वस्तु कांहीं तास चार्जरवर ठेवून वाट पाहावी. तरीही ती जागी न झाली, तर नाद सोडावा.

डबी किंवा इयरबड फुगलेला दिसला, हाताला चटका बसेल इतका तापला, अथवा त्यांतून गोडसर, रासायनिक वास आला, तर मात्र कोणतीही परीक्षा करीत बसूं नये. चार्जिंग तत्काळ बंद करावें, वस्तु जळणाऱ्या पदार्थांपासून दूर ठेवावी, आणि तिला टोचूं, दाबूं किंवा उघडूं नये. लहानशी असली तरी ती बॅटरी पेट घेऊं शकते. उशीखालीं किंवा गादीवर डबी चार्जिंगला लावणेंही याच कारणासाठीं टाळावें.

बॅटरी संपली म्हणजे ती बदलून घ्यावी, हें घड्याळाच्या बाबतींत सहज होतें. इयरबडांच्या बाबतींत होत नाहीं, कारण बहुतेक इयरबड डिंकानें कायमचे बंद केलेले असतात. वस्तु उघडून त्यांच्या दुरुस्तीची सोय जोखणाऱ्या आयफिक्सिट या कंपनीनें पहिल्या एअरपॉड्सना दहापैकीं शून्य गुण दिले होते. याला पर्यायच नाहीं असें मात्र नाहीं. फेअरफोन कंपनीनें २०२४ मध्यें फेअरबड्स नांवाचे इयरबड काढले, त्यांच्या तिन्ही बॅटऱ्या ग्राहकाला घरींच बदलतां येतात. युरोपीय संघानें २०२३ मध्यें केलेल्या बॅटरीविषयक कायद्यांत, लहान उपकरणांतील बॅटऱ्या ग्राहकास काढतां-बदलतां आल्या पाहिजेत असा नियम घातला असून, कांहीं अपवाद वगळतां त्यासाठीं १८ फेब्रुवारी २०२७ ही तारीख ठरविली. भारतांतही २०२२ च्या नियमांन्वयें वापरून झालेल्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकण्यांत आली. यास्तव निकामी इयरबड ओल्या-सुक्या कचऱ्याच्या डब्यांत न टाकतां ई-कचरा स्वीकारणाऱ्या केंद्रांत द्यावेत.

इयरबड चार्ज होत नाहीं असें दिसतांच प्रथम केबल बदलावी, मग दिवा पाहावा, मग ठिपके पुसावे, मग रिसेट करावें, आणि शेवटीं बॅटरीला दोष द्यावा. हा क्रम पाळण्यास पंधरा मिनिटें व एक मऊ कापड पुरतें. एवढें करूनही उपयोग झाला नाहीं आणि हमीची मुदत शिल्लक असेल, तर वस्तु न उघडतां विक्रेत्याकडे न्यावी. मुदत संपलेली असल्यास एकच इयरबड किंवा नुसती डबी सुटी मिळते काय याची चौकशी करावी. कित्येक कंपन्या ती देतात. आणि पुढची जोडी घेतांना आवाजाबरोबर आणखी एक प्रश्न दुकानदाराला अवश्य विचारावा, तो असा कीं, हिची बॅटरी संपल्यावर ती बदलून मिळेल काय?