रोल धुवायचा म्हणजे...

लग्न आटोपलं, सहल झाली, की आपण मराठी माणसं फोटोचा रोल 'धुवायला' टाकायचो. आठवड्यानं स्टुडिओत चौकशी करायची, "धुऊन आला का हो?" डेव्हलप, फिक्स, प्रिंट हे शब्द फोटोग्राफरचे. आपण त्या सगळ्याला मिळून एकच क्रियापद वापरलं. बँकेतून निवृत्त झाल्यावर वडिलांचा जुना कॅमेरा काढून मी घरीच कृष्णधवल रोल धुऊ लागलो, तेव्हा ते क्रियापद किती नेमकं आहे हे मला कळलं.

कॅमेरा म्हणजे आग्फा क्लिक थ्री. बडोद्यात तयार झालेला, एके काळी मध्यमवर्गीय घरांत हमखास सापडणारा काळा डबा. शटरचा वेग एकच. १२० नंबरच्या रोलवर चौकोनी बारा फोटो. बॅटरीच नाही, त्यामुळे बंद पडायला फारसं काही नाही. तो आजही चालतो. पूर्वी उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सचा 'इंदू' रोल मिळे. तो कारखाना बंद पडला. आता परदेशी रोल मागवावा लागतो आणि तो महाग पडतो. म्हणून बटण दाबण्याआधी, चेक पास करताना सही ताडून पाहावी, तसं समोरचं दृश्य दोनदा पाहिलं जातं.

रोल धुवायला घरातलं न्हाणीघर पुरतं. दिवे मालवून, दाराच्या फटीला टॉवेल लावून, चाचपडत फिल्म रिळावर चढवायची आणि डब्यात बंद करायची. सिनेमात दिसतो तो लाल दिवा कागदावरच्या प्रिंटसाठी. या फिल्मला तोही चालत नाही. डबा बंद झाला की दिवा लावून डेव्हलपर ओतायचा. उजेड लागलेल्या कणांची त्यानं काळी चांदी होते. हे द्रावण २० अंश सेल्सियसला असावं, असं पुस्तक सांगतं. सोलापुरात मे महिन्यात नळाचं पाणी कढत येतं! मग माठातलं पाणी घ्यायचं आणि बाटल्या बर्फाच्या परातीत ठेवायच्या. "सरबतापुरता तरी बर्फ शिल्लक ठेवा," असं सौ. आतून बजावते.

नंतर हायपो. उजेड न लागलेले कण तो विरघळवतो. हा त्याचा गुण जॉन हर्शेल यांनी १८१९ मध्येच नोंदवला होता. हायपो झाला की चित्र दिसतं आणि काम संपलं असं वाटतं. पण आता हाच हायपो फिल्ममधून पुरता धुऊन काढायचा असतो. तो राहिला तर त्या दिवशी काहीच दिसत नाही. पुढे वर्षानुवर्षं त्यातलं गंधक चांदीला खात राहतं आणि चित्र पिवळं पडत विरून जातं. देव्हाऱ्यातली चांदीची निरांजनं काळवंडतात, तीही गंधकानंच.

१९७३ चा उन्हाळा. आदल्या वर्षीच्या दुष्काळाची झळ संपली नव्हती, आमच्या वाड्यात पाणी टँकरनं येई. घागर घेऊन रांगेत उभ्या असलेल्या आईचा वडिलांनी फोटो काढला आणि रात्री मोरीत रोल धुवायला घेतला. आई म्हणाली, "प्यायला पाणी नाही, आणि तुम्ही फोटोला घालताय?" वडिलांनी मोजून दहा तांबे घेतले. एक तांब्या ओतायचा, डबा हलवायचा, पाणी टाकायचं, मग दुसरा. आज इलफोर्ड कंपनीसुद्धा अशीच काटकसरीची रीत सांगते: डबा भरून पाच वेळा उलटसुलट करा, पाणी बदला, मग दहा वेळा, मग वीस वेळा.

पुढच्या वर्षी आई गेली. धाकटी बहीण तेव्हा दीड वर्षाची होती. त्या फोटोचा मोठा प्रिंट एका स्टुडिओतून करून घेतला होता. तो भिंतीवर पिवळा पडत गेला आणि चेहऱ्याच्या जागी नुसता डाग उरला. बहिणीला ठाऊक होती ती आई एवढीच.

गेल्या वर्षी वडिलांच्या ट्रंकेत त्या रोलची निगेटिव्ह सापडली. स्वच्छ, जशीच्या तशी. बहिणीला बोलावून घेतलं. लाल दिव्यात निगेटिव्ह फोटोच्या कागदावर ठेवली, वर काच दाबली, क्षणभर पांढरा दिवा लावला आणि कागद डेव्हलपरमध्ये सोडला. आधी काळे केस उमटले, मग डोळे, मग कपाळावरचं कुंकू. सव्वादोन इंचांचा चौकोन. वाळल्यावर बहीण भिंग घेऊन तो बराच वेळ पाहत बसली. मग म्हणाली, "दादा, हनुवटी माझीच की रे!"

त्या दहा तांब्यांचा हिशेब वडिलांकडे कोणी मागितला नव्हता. दोन कमी घातले असते, तरी तेव्हा कोणाला कळलं नसतं. ते कळलं असतं माझ्या बहिणीला, पन्नास वर्षांनी.

तेव्हा दिवाळीच्या साफसफाईत ट्रंकेतून जुन्या निगेटिव्ह निघाल्या, तर रद्दीत टाकू नका. खिडकीशी जा आणि एकेक उजेडाकडे धरून पाहा. कोणीतरी त्या नीट धुऊन ठेवल्या असतील.