समुद्रतळाची खबर घरापर्यंत

(द्वितीय वर्ष, कला)

आमचे घर मालवणकडच्या किनाऱ्यावर. बाबा दुसऱ्याच्या ट्रॉलरवर खलाशी आहेत. 1 जून ते 31 जुलै मासेमारीला बंदी असते, म्हणून पावसाळ्यात ते ओटीवर जाळी शिवत बसतात. 2025 सालच्या जुलैअखेर अशाच एका संध्याकाळी मी त्यांच्यापुढे मोबाइल धरला. काळ्या पाण्यात दिव्याचा झोत, खाली करडा गाळ आणि गाळावर एक तारामासा. हे चित्रण आधी घेऊन ठेवलेले नव्हते. अर्जेंटिनाच्या समुद्रात ते त्याच वेळी घडत होते. तिकडची सकाळ ती आपली संध्याकाळ. एक शास्त्रज्ञ बाई स्पॅनिशमध्ये भराभरा बोलत होत्या. बाबांनी थोडा वेळ ऐकले आणि म्हणाले, "तिका पन म्हायत नाय दिसता गो."

भाषेतले अक्षर कळत नसताना बाबांनी ओळखले ते खरेच होते. समोरचा प्राणी कोणता, हे त्या बाईंनाही ठाऊक नव्हते, आणि तसे त्या मोकळेपणाने सांगत होत्या. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, त्यामुळे असे काही निघाले की प्रश्न माझ्याकडे येतात. एवढ्या खोलातून हे घरापर्यंत येते कसे, असे त्यांनी विचारले तेव्हा मला सांगता आले नाही. मग वाचनालयात बसून जे हाती लागले, ते येथे मांडते. विज्ञान शाखेच्या मित्रमैत्रिणींनी चूकभूल द्यावी घ्यावी.

समुद्राचा अभ्यास करणारा आणि किनाऱ्यावर बसलेला माणूस यांच्यात पूर्वी वर्षांचे अंतर असे. 'चॅलेंजर' हे ब्रिटिश जहाज 1872 ते 1876 जगभर फिरले. त्याचा अहवाल 50 खंडांत निघाला आणि शेवटचा खंड येईपर्यंत 1895 साल उजाडले. सामान्य माणसाच्या हाती ते खंड कशाला पडतात!

हे अंतर तोडण्याचा पहिला मोठा प्रयत्न मला सर्वांत आवडला. विल्यम बीब हे अमेरिकन निसर्गशास्त्रज्ञ आणि त्यांचे साथीदार ओटिस बार्टन 1930 पासून बर्म्युडाजवळ एका पोलादी गोळ्यात बसून खोल पाण्यात उतरत असत. गोळा इतका लहान की दोन माणसांनी अंग मुडपून बसावे. वर जहाजाला तो पोलादी दोराने टांगलेला आणि सोबत टेलिफोनची तार. बीब खिडकीतून जे पाहत ते फोनवर बोलत, आणि वर ग्लोरिया हॉलिस्टर या संशोधक बाई कानाला फोन लावून प्रत्येक शब्द खोलीसह लिहून घेत. 22 सप्टेंबर 1932 रोजी हा फोन रेडिओला जोडण्यात आला. घरोघरी बसलेल्या लोकांनी समुद्राच्या पोटातून बोलणाऱ्या माणसाचा आवाज प्रथमच ऐकला. पण नुसत्या आवाजाला पुरावा नसतो. बीब यांनी वर्णन केलेले काही मासे पुढे कोणालाच सापडले नाहीत, आणि त्यांवर शंका घेतली गेली ती आजतागायत.

पुढे कॅमेरा आला. 1985 मध्ये रॉबर्ट बॅलार्ड यांच्या मोहिमेने टायटॅनिकचे अवशेष शोधून काढले, तेव्हा शाळकरी मुलांची हजारो पत्रे त्यांच्याकडे आली. आम्हालाही पुढच्या वेळी न्या, असा त्यांचा आग्रह. सर्वांना जहाजावर नेणे अशक्य, म्हणून 1989 पासून त्यांनी उपग्रहामार्फत समुद्रातले चित्र मुलांना दाखवायला सुरुवात केली.

आता बाबांच्या प्रश्नाकडे वळते. रेडिओच्या लहरी खाऱ्या पाण्यात फार दूर जात नाहीत, लगेच विरून जातात. म्हणून तळाशी गेलेल्या यंत्राला दोर लागतोच. अर्जेंटिनाच्या मोहिमेत 'सुबास्तियन' नावाचे माणूस नसलेले यंत्र होते, ते 4500 मीटरपर्यंत उतरू शकते. त्याच्या दोराच्या पोटात केसासारखे बारीक काचेचे तंतू असतात, आणि चित्र त्यांतून प्रकाशाच्या रूपाने वर जहाजावर येते. जहाज डोलत असते, पण त्यावरची अँटेना आपले तोंड उपग्रहाकडे धरून ठेवते. उपग्रहावरून चित्र जमिनीवर आणि तेथून आपल्या ओटीवर, काही सेकंदांत. बीबच्या टेलिफोनच्या तारेचेच हे नातवंड म्हणायला हरकत नाही.

परंतु यंत्रे पूर्वीही होती. मग याच मोहिमेला एवढे लोक का जमले? मार देल प्लाता या शहरापासून सुमारे 300 किलोमीटरवर समुद्रात बुडालेली एक प्रचंड दरी आहे. डॅनियल लाउरेत्ता आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या गटाने 2012 व 2013 मध्ये त्या भागात तीन सफरी केल्या होत्या. तेव्हा जाळे ओढून जे वर येई ते बहुधा मोडलेले आणि रंग उडालेले असे. 2025 मध्ये श्मिट ओशन इन्स्टिट्यूटच्या 'फाल्कोर (टू)' या जहाजावरून त्यांना ते प्राणी प्रथमच त्यांच्या जागी जिवंत दिसले. त्यांचे ओरडणे, हसणे, चुकणे सारे यूट्यूबवर ऐकू येत होते, आणि तेही देशातल्या लोकांच्याच बोलीत. एका वेळी 50 हजारांहून अधिक लोक पाहत बसत. गुबगुबीत तारामाशाला लोकांनी 'मोठ्या बुडाची चांदणी' अशा अर्थाचे नाव ठेवले. एका जांभळ्या समुद्रकाकडीला 'बतातिता', म्हणजे लहानसे रताळे, म्हणू लागले. (आपला 'बटाटा' पोर्तुगीजांकडून आला, तो याच शब्दाचा भाऊ.) त्या काळात अर्जेंटिनात संशोधनाच्या पैशाला कात्री लागली होती. ज्यांचे पगार आणि प्रयोगशाळा संकटात, त्यांना घरोघरची मुले चित्रे काढून पाठवीत होती.

आपल्याकडे समुद्राचा अभ्यास होत नाही असे नाही. गोव्यातील दोनापावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था 1966 पासून काम करते. हैदराबादची इन्कॉइस ही सरकारी संस्था उपग्रहाने पाण्याचे तापमान आणि हरितद्रव्य पाहून मासळी कोठे मिळण्याचा संभव आहे ते कळविते, आणि मराठीतही कळविते. दिशा, अंतर, खोली असे सारे त्यात असते. पण तेथेच मासळी का, हे बाबांना कोणी सांगितले नव्हते. गार आणि उबदार पाणी जेथे भेटते तेथे बारीक जीव वाढतात आणि त्यांच्यामागे मासळी येते, हे मी सांगितले, तर ते म्हणाले, "ता आमका पाण्याच्या रंगावरसून कळता." म्हणजे अर्धे उत्तर त्यांच्याजवळ होतेच. त्यांना हुकूम मिळतो, गप्पा मिळत नाहीत, ही माझी तक्रार आहे. संशोधन करणारा आपल्या भाषेत "मलाही ठाऊक नाही" म्हणतो, तेव्हा ऐकणाऱ्याला आपले ठाऊक असलेले बोलावेसे वाटते. ओटीवर मी हेच पाहिले.

ती मोहीम 10 ऑगस्टला संपली. नारळी पौर्णिमा त्याआधीच झाली होती, आणि बाबा समुद्रावर गेले. जाळ्यात मासळीखेरीज जे येते त्याला आमच्याकडे 'कचरो' म्हणतात, ते परत पाण्यात फेकतात. त्या खेपेला त्यांनी डब्यातून एक लहान, पाच हातांचा, अंगावर ठिपके असलेला तारामासा घरी आणला आणि नाव विचारले. मला सांगता आले नाही. किती वाव पाण्यात मिळाला, तळ चिखलाचा की रेतीचा, हे मी त्यांना विचारले. ते सांगत गेले आणि मी वहीत लिहून घेतले.