घड्याळाची कोरी बाजू

सुझाना कॅहलन ‘न्यूयॉर्क पोस्ट’ची बातमीदार. २००९ साली, वयाच्या २४व्या वर्षी, तिच्या मनाने घेतलं की घरात ढेकूण झालेत. फवारणीवाल्याला एकही सापडला नाही, तरी तिला पटेना. मग डाव्या हाताला मुंग्या आल्या, झोप उडाली, घरच्यांबद्दल भलतेसलते संशय सुरू झाले आणि एका रात्री आकडी आली. एका डॉक्टरांनी दारूवर ठपका ठेवला. पुढे मानसिक आजारांची नावं निघू लागली, कारण मेंदूचा स्कॅन नॉर्मल होता.

अखेर डॉ. सुहेल नज्जार यांनी तिच्यापुढे कागद ठेवला आणि घड्याळ काढायला सांगितलं. तिने गोल काढला आणि एक ते बारा सगळे आकडे उजव्या अर्ध्या भागात दाटीवाटीने कोंबले. डावी बाजू कोरी. डॉक्टरांना हवा तो धागा मिळाला: मेंदूच्या उजव्या भागाला सूज होती. तिच्याच शरीरातल्या प्रतिपिंडांनी मेंदूतल्या एनएमडीए रिसेप्टरवर हल्ला चढवला होता. या आजाराची ओळख डॉ. जोसेप डाल्माऊ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पटवली ती २००७ साली, म्हणजे जेमतेम दोन वर्षं आधी. उपचार झाले आणि काही महिन्यांत सुझाना पुन्हा कामावर रुजू झाली.

भास आणि भ्रम हे तापासारखे असतात. ताप मलेरियाचा की टायफॉइडचा, हे पाहिल्याशिवाय डॉक्टर थांबत नाहीत. सायकोसिसचंही, म्हणजे भास-भ्रमांच्या या अवस्थेचंही, तसंच व्हायला हवं. स्किझोफ्रेनिया हे नाव देण्याआधी नशा, औषधं आणि शारीरिक आजार बाजूला काढावे लागतात. शिवाय अमेरिकी निकषांनुसार आजाराच्या खुणा किमान सहा महिने दिसाव्या लागतात. आठवड्याभरात हा शिक्का मारता येत नाही, आणि मारूही नये.

सर्वांत जास्त गफलत होते ती म्हाताऱ्या माणसांच्या बाबतीत. खुब्याच्या ऑपरेशननंतर आजोबा रात्री चादर ओढतात, छतावर माणसं दिसतात म्हणतात, सकाळी मात्र बरे असतात. आपल्याकडे याला ‘वात झाला’ म्हणतात आणि ते निरीक्षण चांगलं आहे. वैद्यकात हेच डिलिरियम. यात लक्ष टिकत नाही. आठवड्याचे वार उलटे म्हणायला सांगा, शुक्रवारपाशीच गाडी अडते. कारण बहुधा शरीरात असतं: लघवीचा संसर्ग, रक्तातलं सोडियम उतरणं, नव्याने सुरू झालेली एखादी गोळी. नियमित पिणाऱ्याची दारू दवाखान्यात अचानक तुटली तरी दोन-तीन दिवसांत हेच होतं. स्किझोफ्रेनियाच्या रुग्णाला आवाज ऐकू येत असले तरी आज कोणता वार, आपण कुठे आहोत, हे तो सहसा नीट सांगतो.

वयही बोलतं. स्किझोफ्रेनिया बहुतेकदा तारुण्यात सुरू होतो. साठीनंतर पहिल्यांदाच भास झाले, तर आधी शरीर आणि मेंदू तपासायचा. ल्युई बॉडी नावाच्या स्मृतिभ्रंशात कोपऱ्यात बसलेली मुलं किंवा प्राणी अगदी स्पष्ट दिसतात. तिथे भास थांबवणारी नेहमीची काही औषधं दिली तर रुग्ण लाकडासारखा ताठरू शकतो. चुकीच्या निदानाची किंमत ती अशी.

बाळंतिणीचं प्रकरण तर तातडीचं. हजार बाळंतपणांत एक-दोघींना, बहुधा पहिल्या दोन आठवड्यांत, सायकोसिस होतो. तो पटकन वाढतो आणि आई-बाळ दोघांच्या जिवाला धोका असतो. उपचारांनी ती बरी होते. म्हणूनच ‘बाहेरची बाधा’ समजून उताऱ्यात घालवलेला एकेक दिवस जीव तुटायला लावतो.

थायरॉइडकडेही पाहावं लागतं. १९४९ साली लंडनच्या डॉ. रिचर्ड अ‍ॅशर यांनी १४ रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. थायरॉइड मंदावल्याने त्यांची मनं बिघडली होती. बी-१२ची कमतरता, स्टेरॉइड, गांजा हेही कारणांच्या यादीत येतात.

म्हणून जाणते डॉक्टर घरच्यांना औषधांची अख्खी पिशवी आणायला सांगतात, खोकल्याच्या बाटलीपासून वैद्याच्या पुड्यांपर्यंत. ती टेबलावर रिकामी झाली की प्रश्न येतो, “बाबा शेवटचे नीट कधी होते?” सून सांगते, “परवा संध्याकाळपर्यंत. चहा घेत पेपर वाचत होते.” डॉक्टर आधी लघवीची आणि सोडियमची तपासणी लिहितात.