पोटाला वीट बांधून पोहणारी पोरं

दुसरबीड गावातली पोरं पोहायला शिकतात ती विहिरीत. उन्हाळ्याच्या सुटीत मामा नाहीतर काका पाठीला सुका भोपळा बांधतो, नाहीतर झाकण घट्ट लावलेला रिकामा डबा, आणि काठावरून देतो ढकलून! पहिले दोन-चार दिवस नुसत्या गटांगळ्या. मग हळूच एक दिवस भोपळा सुटतो आणि आठवडाभरात पोरगं वरून मुटका मारायला लागतं.

आता समजा, मामानं भोपळा फेकून दिला आणि पोटाला विटा बांधून म्हणाला, ‘हं, पोह आता!’ तर?

अशी पोरं खरंच होती. १९७१ साली, बंगालमधल्या भागीरथी नदीत. आणि हे शिक्षण ज्या गुप्त मोहिमेसाठी चाललं होतं, तिची सूत्रं एका मराठी नौदल अधिकाऱ्याच्या हातात होती. त्यांचं नाव कमांडर मोहन नारायण राव सामंत.

सामंत होते पाणबुडीतले. आपल्या नौदलाची ‘करंज’ नावाची पाणबुडी ४ सप्टेंबर १९६९ रोजी तेव्हाच्या सोव्हिएत संघातल्या रिगा बंदरात सेवेत दाखल झाली, तेव्हा तिचे पहिले कप्तान तेच. लांबी साधारण ९१ मीटर. दुसरबीडच्या रस्त्यावर एसटीच्या आठ गाड्या एकामागे एक उभ्या करा, तेवढी! एवढं लोखंडी धूड बुडतं कसं आणि पुन्हा वर येतं कसं? तुमच्या भोपळ्याचंच गणित. पाणबुडीच्या पोटात मोठमोठ्या टाक्या असतात. टाक्यांत हवा भरलेली असली की पाणबुडीला पाठीवर भोपळा बांधल्यासारखं होतं, ती तरंगते. टाक्यांत समुद्राचं पाणी घेतलं की झाली वीट, ती खाली जाते. वर यायचं असेल तेव्हा दाबून ठेवलेली हवा सोडून पाणी बाहेर हुसकायचं. भोपळा आणि वीट, दोन्ही एकाच पोटात!

पण १९७१ मध्ये सामंतांच्या वाट्याला जे काम आलं, त्यात पाणबुडी नव्हतीच. बांगलादेश तेव्हा पूर्व पाकिस्तान होता. तिथल्या लोकांवर पाकिस्तानी सैन्यानं भयंकर अत्याचार केले होते आणि लाखो माणसं जीव वाचवायला भारतात येत होती. त्या सैन्याला दारूगोळा आणि धान्य पोचायचं ते मुख्यतः जहाजांनी, कारण तो सगळा मुलूखच नद्यांचा. जहाजं अडली तर सैन्य अडणार. पण भारताचं पाकिस्तानशी उघड युद्ध अजून सुरू झालेलं नव्हतं. मग जहाजं अडवायची कोणी?

याचं उत्तर थेट फ्रान्समधून चालत आलं. तिथल्या तुलाँ बंदरात पाकिस्तानची ‘मांग्रो’ ही नवी पाणबुडी होती. तिच्यावरचे काही बंगाली नौसैनिक गुपचूप निसटले आणि त्यांतले आठ जण स्पेनमार्गे भारतात पोचले. या आठ जणांना धरून नौदलानं पाणसुरुंग लावणाऱ्यांची एक फौज उभी करायचं ठरवलं. सामंतांनी कोलकात्यातून सूत्रं हलवली आणि भागीरथीच्या काठी, प्लासीजवळ, गुप्त तळ सुरू झाला. होय, इतिहासाच्या पुस्तकातलं १७५७ च्या लढाईचं प्लासी तेच!

भरती झाली ती विद्यार्थ्यांची आणि शेतकऱ्यांच्या पोरांची. चारशेहून जास्त जण. मला या गोष्टीतलं सगळ्यात आवडतं ते हेच. नदीकाठची ही पोरं चालायला लागली तेव्हापासून पाण्यात. पोहायला त्यांना कोणी शिकवायची गरजच नव्हती. शिकवायचं होतं ते ओझं घेऊन, रात्री, पाण्याचा जराही आवाज न करता पोहायला. म्हणून पोटाला विटा! पुढे त्या जागी सुमारे पाच किलोचा सुरुंग यायचा होता.

विटांचं एक गुपित सांगतो. तीन किलोची वीट पाण्यात बुडवली की जेमतेम सव्वा-दीड किलोची वाटते, कारण ती जेवढं पाणी बाजूला सारते, तेवढ्या पाण्याच्या वजनाइतकं पाणी तिला वर उचलून धरतं. खरं वाटत नसेल तर बादली, वीट आणि ताणकाटा घ्या आणि स्वतः मोजून बघा. पण वीट बादलीतच. अंगाला वजन बांधून विहिरीत कोणीही उतरायचं नाही, अगदी पट्टीच्या पोहणाऱ्यानंसुद्धा.

आता सुरुंगाकडे येऊ. त्याला ‘लिम्पेट’ म्हणतात. समुद्राच्या खडकांना टोपीसारखा घट्ट चिकटून बसणारा एक छोटा शिंपलेवाला जीव असतो, त्याचं हे नाव. सुरुंग चिकटतो तो मात्र लोहचुंबकानं. पाणी चुंबकाला अडवत नाही, पण शेवाळ आणि शिंपले अडवतात, कारण त्यांच्यामुळे चुंबक आणि लोखंड यांच्यात अंतर पडतं. पत्र्याच्या डब्याला चुंबक लावा. मग मध्ये कापडाची एक घडी घाला, दोन घाला, चार घाला. पकड कशी ढिली होत जाते बघा. म्हणून प्रत्येकाजवळ सुरी असायची, जहाजाचं पोट खरवडून साफ करायला.

आणि चिकटवल्या चिकटवल्या फुटला तर? पोहणाऱ्याला निसटायला वेळ हवा. त्यासाठी सुरुंगात पाण्यात विरघळणारी एक गुटी बसवलेली होती. ती विरघळेपर्यंत तो शांत राहायचा. तुमच्या स्वयंपाकघरातली खडीसाखर पाण्यात टाकून घड्याळ लावा, म्हणजे हे साधंसुधं घड्याळ कसं चालतं ते कळेल. अडचण एकच. जहाजापर्यंत पोहत जातानाच गुटी भिजून विरघळली तर घात! मग तिच्यावर पातळ रबराची टोपी चढवली. ती जहाजापाशी पोचल्यावरच काढायची.

पोरं वेशांतर करून, पायी आणि होड्यांतून, चितगाव, मोंगला, चांदपूर आणि नारायणगंज या चार बंदरांकडे गेली. सगळीकडे हल्ला एकाच वेळी व्हायला हवा होता. पण त्यांना निरोप कसा द्यायचा? मोबाइल नव्हते आणि बिनतारी संदेश शत्रू ऐकणार. मग वापरला साधा रेडिओ! आकाशवाणीच्या कोलकाता केंद्रावर पंकज मलिक यांचं एक ठरलेलं गाणं लागलं की समजायचं, तयार राहा. त्यानंतर दुसरं गाणं लागलं की येत्या रात्री काम फत्ते करायचं. हे दुसरं गाणं होतं बाहुली पहिल्यांदा सासरी निघाल्याचं. घरोघरी लोक ते ऐकत होते. शत्रूच्या कानावरही ते पडलं असेल. अर्थ मात्र त्या पोरांनाच ठाऊक.

१५ आणि १६ ऑगस्टच्या मधली रात्र. श्रावण वद्य पक्ष सरत आला होता, आपल्याकडे पोळा चार-पाच दिवसांवर. म्हणजे चंद्र उगवणार तो मध्यरात्र उलटून गेल्यावर, आणि तोही कोरीएवढा. अंगावर फक्त पोहण्याची चड्डी, पायांत रबरी पंख, हातात सुरी आणि पोटाशी गमछ्यानं, म्हणजे आपल्या पंच्यानं, बांधलेला सुरुंग. एवढ्याच सामानावर पोरं पाण्यात उतरली. काही वेळानं चारही बंदरांत धडाधड स्फोट झाले. चितगावला ‘अल-अब्बास’ आणि ‘हॉर्मुझ’ ही दारूगोळ्यानं भरलेली मोठी जहाजं बुडाली.

डिसेंबरमध्ये उघड युद्ध पेटलं, तेव्हा सामंत स्वतः नदीत उतरले. त्यांच्या हाताखाली तीन लहान लढाऊ बोटी होत्या. ‘पद्मा’ आणि ‘पलाश’ या दोन बोटी बंदरातल्या साध्या नौकांवर तोफा चढवून तयार केलेल्या आणि बंगाली मुक्तियोद्धे चालवत असलेल्या. तिसरी नौदलाची. तिचं नाव काय असावं? ‘पनवेल’! मोंगला जिंकून त्या खुलना शहराकडे निघाल्या. १० डिसेंबरला मात्र फार वाईट घडलं. आपल्याच विमानांनी शत्रूच्या बोटी समजून ‘पद्मा’ आणि ‘पलाश’वर हल्ला केला. दोन्ही बोटी गेल्या. ‘पलाश’च्या इंजिनघरातले महंमद रुहुल अमीन बोट वाचवायला झटत राहिले आणि त्याच दिवशी त्यांचा प्राण गेला. बांगलादेशानं पुढे ज्या सात वीरांना सर्वोच्च सन्मान दिला, त्यांत ते आहेत. युद्धाच्या गोष्टी सांगताना हे पान गाळावंसं वाटतं, पण गाळू नये.

एवढं होऊनही सामंत मागे फिरले नाहीत. ‘पनवेल’नं पाण्यातली माणसं वर ओढली आणि ती खुलन्यात पुढे लढत राहिली. सामंतांना महावीर चक्र मिळालं.

कशाबद्दल, हे सगळं मात्र फार थोड्यांना कळलं, कारण प्लासीचा तळ गुपितच होता. कितीतरी वर्षांनी, म्हातारपणी, सामंतांनी पत्रकार संदीप उन्नीथन यांच्यासोबत ‘ऑपरेशन एक्स’ हे पुस्तक लिहिलं. मार्च २०१९ मध्ये ते गेले. पुस्तक त्याच वर्षीचं. त्यात त्या पोरांची सगळी हकिकत आहे. विटा, गमछे, रबराच्या टोप्या आणि रेडिओवरची ती बाहुलीसुद्धा.