कुत्र्याच्या पिलाचें पहिलें घर

गांवठी कुत्र्यांचीं पिलें बहुधा हिवाळ्यांत जन्मतात. दिवाळी उलटली, कीं अमरावती-अकोल्याच्या गल्ल्यांतून कोठें ओट्याखालीं, कोठें पडक्या भिंतीच्या आडोशास, तर खेड्यांत कडब्याच्या गंजीच्या बुडाशीं चारपांच पिलांची वळवळ दिसूं लागते. माघ संपण्यापूर्वीं त्यांतलें एखादें पिलूं कोणाच्या तरी घरांत जातें. मुलें त्यास हौसेनें नांव देतात, आणि पहिल्याच रात्रीं तें आकांत मांडतें. अमरावतीच्या परकोटाच्या आंतील जुन्या वस्तींत घराला घर लागलेलें असतें. तेथें एका पिलाच्या रडण्यानें चार बिऱ्हाडें जागीं होतात. मग कोणी त्यास मारतो, कोणी मोरींत कोंडतो, आणि कित्येकदां आठ दिवसांच्या आंत तें पुन्हां रस्त्यावर येतें. या वेळीं मात्र त्याची आई व भावंडें तेथें नसतात.

या अडचणीवर उपाय म्हणून दार असलेली पेटी किंवा जाळीचा पिंजरा घेण्याची चाल हल्लीं शहरांत पडली आहे. तिला क्रेट असें म्हणतात. कुत्र्यांचे पूर्वज बिळांत पिलें वाढवीत, म्हणून पिलास पेटी आपोआप आवडते, असें सांगण्यांत येतें. हें म्हणणें अर्धेंच खरें आहे. कुत्री पिलांसाठीं आडोसा शोधते, प्रसंगीं माती उकरून खळगा करते, हें कोणासहि पाहतां येईल. परंतु त्या खळग्यास दार नसतें. पिलूं मनास वाटेल तेव्हां बाहेर येतें, भ्यालें कीं आंत शिरतें, आणि आंत भावंडांची ऊब असते. आडोसा त्याच्या ओळखीचा आहे. बंद दार आणि एकटेपणा हीं त्यास सर्वस्वीं नवीं आहेत. पेटींत पिलास शांत ठेवण्याची सारी विद्या या एका भेदावर उभी आहे.

अमेरिकेंत बार हार्बर येथील जॅक्सन प्रयोगशाळेंत जॉन पॉल स्कॉट व जॉन फुलर यांनीं कुत्र्यांच्या वाढीचा व स्वभावाचा दीर्घकाळ अभ्यास केला. त्यांचा ग्रंथ १९६५ मध्यें प्रसिद्ध झाला. सुमारें तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या आठवड्यापर्यंत पिलाच्या मनावर जे संस्कार होतात ते फार खोल जातात, हें त्यांच्या कामावरून दिसून आलें. पिलूं घरीं येतें तें नेमकें याच वयांत. अनोळखी जागीं एकटें पडलेलें पिलूं ओरडतें तें हट्टानें नव्हे. आईस आपला ठाव लागावा म्हणून निसर्गानें दिलेली ती हांक आहे. तिचें उत्तर चापटीनें दिलें, तर पिलूं पेटीला भितें आणि मारणाऱ्या हातालाहि भितें.

म्हणून आरंभ दाराविना करावा. वरूड-मोर्शीकडे संत्री भरण्यास वापरतात तसली लांकडी पेटी आडवी ठेवली, तिचे वर आलेले खिळे काढले, आणि आंत जुन्या लुगड्याची घडी घातली, कीं पहिल्या आठवड्याचें काम भागतें. जाळीची पेटी विकत आणली असेल, तर तिचें दार दोरीनें बांधून उघडें ठेवावें. पेटी माणसांच्या वावरांत असावी. अडगळीच्या खोलींत नसावी. पिलाचें खाणें रोज तिच्यांतच ठेवावें, आणि अधूनमधून उकडलेल्या अंड्याचा बारीक तुकडा त्याच्या नकळत आंत टाकावा. रशियन शास्त्रज्ञ पाव्हलॉव्ह याच्या प्रयोगांत, खाण्यापूर्वीं वारंवार ऐकविलेल्या आवाजानेंच कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटूं लागलें होतें. त्याच न्यायानें पेटी दिसतांच पिलास सुखाची आठवण होऊं लागते.

पिलूं आपण होऊन आंत जाऊन निजूं लागलें, म्हणजे दाराची वेळ आली. तें खाण्यांत गुंतलें असतांना दार केवळ लोटावें व खाणें संपण्यापूर्वीं उघडावें. पुढें क्षणांचे मिनिट व मिनिटाचीं पांच मिनिटें करावीं. प्रथम माणसानें समोर बसावें, मग दोन पावलें दूर जावें, मग खोलीबाहेर जाऊन लगेच परतावें. पिलूं रडण्यापूर्वीं दार उघडणें, हें या शिक्षणाचें मर्म होय. रात्रीं पेटी अंथरुणाशेजारीं ठेवावी. जाळींतून बोटांचा वास लागला, तरी पिलाचा जीव स्थिर होतो. कांहीं आठवड्यांनीं ती क्रमाक्रमानें दूर सरकवितां येते.

रडण्याचे प्रकारहि ओळखले पाहिजेत. दोन महिन्यांच्या पिलास लघवी फार वेळ रोखतां येत नाहीं. दिवसा दोन तासांहून अधिक वेळ त्यास कोंडूं नये, आणि रात्रीं एकदोनदां गाजावाजा न करतां बाहेर न्यावें. पोट मोकळें असून तें नुसतें कुरकुरत असेल, तर किंचित् थांबावें. पुष्कळदां तें आपोआप निजतें. पण तें किंचाळत असेल, दार चावत असेल, लाळ गाळत असेल, तर ती भीति आहे. अशा वेळीं त्यास बाहेर घ्यावें व दुसऱ्या दिवशीं दोन पायऱ्या मागून आरंभ करावा. रडून रडून थकलेलें पिलूं अखेरीस गप्प होतें. पण कोणी येत नाहीं एवढेंच त्यानें शिकलेलें असतें. शांत पिलूं अंग सैल सोडून कुशीवर पडतें, दिलेला घांस खातें. भ्यालेलें पिलूं आखडून बसतें आणि आवडीचा घांसहि टाळतें.

वऱ्हाडांत या शिक्षणास उन्हाळ्याचीहि मर्यादा आहे. फेब्रुवारींत दोन महिन्यांचें असलेलें पिलूं एप्रिलांत चार महिन्यांचें होतें, तोंवर अकोल्याचा पारा चाळिशी ओलांडतो. मे महिन्यांत तो कधीं कधीं ४५ अंशांच्याहि वर जातो. कुत्र्यास माणसासारखा सर्वांगास घाम येत नाहीं. त्याच्या शरीराचें उष्णतामान सुमारें ३८.३ ते ३९.२ अंश असतें, आणि तें राखण्यास धापा टाकणें हाच त्याचा मुख्य उपाय. वाळ्याची ओली ताटी किंवा कूलर ज्या तत्त्वानें खोली थंड करतो, त्याच तत्त्वानें ओल्या जिभेवरून जाणारी हवा कुत्र्यास थंड करते. पाण्याची वाफ होतांना उष्णता शोषली जाते. हवा कोंडली, कीं ताटी निकामी होते आणि जीभहि. म्हणून पत्र्याच्या छपराखालीं किंवा तापलेल्या पश्चिमेच्या भिंतीशीं बंद पेटी कधींहि ठेवूं नये. उन्हाळ्यांत पेटींत अकस्मात् गप्प झालेलें पिलूं शांत झालें, असें समजूं नये. तें जोरानें धापत किंवा झोकांड्या खात असेल, तर अंगावर साधें पाणी घालून वारा द्यावा व तत्काळ पशुवैद्याकडे न्यावें.

हालचालीस पुरेशी जागा नसलेल्या पिंजऱ्यांत प्राण्यास कोंडणें हा १९६० च्या प्राणी-क्रूरता प्रतिबंधक कायद्यान्वयें गुन्हा आहे. पिलास उभें राहतां, वळतां आणि पाय ताणून निजतां येईल एवढी पेटी हवीच. आणि पिलूं वाढेल तशी तीहि बदलली पाहिजे.

शिक्षण पुरें झालें कीं नाहीं, याची कसोटी बंद दारापाशीं होत नाहीं. घरांत पाहुणे आले, फटाके वाजूं लागले, किंवा नुसतीच दुपारची झोंप आली, आणि दार सताड उघडें असतांना पिलूं आपल्या पायांनीं पेटींत जाऊन पडलें, म्हणजे तें तिला घर मानूं लागलें. पुढें प्रसंगीं थोडा वेळ दार लावलें, तरी त्याची झोंप मोडत नाहीं.